गव्हाणीवर विसरलेला फोन

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी आटपाडी तालुक्यातला, बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघा मित्रांनी 11 मिनिटांची शॉर्टफिल्म केली. घरातली म्हैस विकायचं ठरतं आणि आजीला ते सांगायचं कुणी, एवढीच गोष्ट. आजीचं काम माझ्या आजीनंच केलंय, तिच्या मुलाचं माझ्या चुलत्यांनी. शूटिंग सगळं फोनवर. सुरुवातीचे ड्रोन शॉट लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या मित्रानं दिले. रिकाम्या गोठ्याचा शेवटचा शॉट तर चुकून मिळाला. टेम्पो चालू होईना म्हणून मी फोन गव्हाणीवर टेकवून ढकलायला पळालो आणि रेकॉर्डिंग चालूच राहिलं. कॉलेजच्या स्पर्धेत परीक्षक म्हणाले, गोष्ट चांगली, आजी झकास, पण सिनेमा वाटत नाही, लग्नाची कॅसेट वाटते. वडील म्हणतात, डाळिंबाचे पैसे आले की 80 हजारांपर्यंत कॅमेरा घेऊन देतो. कोणता घेऊ? आणि शॉट 'लावायचा' म्हणजे नेमकं काय करायचं? नियम यूट्यूबवर बघून पाठ झालेत, पण फोन हातात घेतला की काही सुचत नाही. लिंक सोबत पाठवली आहे.

उत्तर:

वडिलांना सांग, डाळिंबाचे पैसे सध्या बँकेतच राहू देत. तुझी फिल्म मी तीनदा पाहिली. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, आणि एकदा फक्त तो चुलीपुढचा प्रसंग मागे-पुढे करत. फोन खरोखर कमी पडलाय अशी एकच जागा सापडली, रात्रीच्या गोठ्याची. तिथे अंधारात नुसते ठिपके वळवळतायत. बाकी ठिकाणी 80 हजारांचा कॅमेरा असता तरी चित्र असंच दिसलं असतं, फक्त जास्त स्वच्छ.

तुझ्या फिल्ममधला सगळ्यात चांगला शॉट तुझ्या हातात फोन नसताना आलेला आहे. रागावू नकोस, यात चेष्टा नाही. तो शॉट पुन्हा बघ. पुढे खुंटा, त्याला दाव्याचा उरलेला तुकडा. मागे दार, दारातून टेम्पो ढकलणारे पाय, मग पाय दिसेनासे होतात आणि उरतो तो नुसता उन्हाचा चौकोन. फोन गव्हाणीवर होता, म्हणजे म्हशीच्या तोंडाच्या उंचीवर, जिथून ती इतकी वर्षं ते दार बघत आली. म्हैस गेली आणि तिची नजर गोठ्यात राहिली. परीक्षकांनी तुला हे सांगितलं नसेल, पण हॉलमध्ये त्या शॉटला शांतता झाली असणार. तुझ्या 'शॉट लावणे म्हणजे काय' या प्रश्नाचं उत्तर तूच चुकून देऊन बसलायस. कॅमेऱ्याला जागा लागते. तो कोण म्हणून, कुठे बसून बघतोय हे एकदा ठरलं की निम्मे नियम आपोआप पाळले जातात.

आता 'लग्नाची कॅसेट'. लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या बिचाऱ्यांना उगाच नावं ठेवू नयेत. कॅमेरा हातात घेतल्यावर पहिली तीन वर्षं मीही लग्नांचंच शूटिंग केलं आणि माझी घरभाडी त्या लग्नांनीच भरली. पण लग्नातल्या कॅमेऱ्याची अडचण अशी की पुढच्या क्षणी काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. अंतरपाट कधी निघेल, कुठली आत्या रडेल, सांगता येत नाही. म्हणून तो उभा राहतो, फिरत राहतो, कुणी रडलं की झूम करून तिथे पोचतो. पंगतीत वाढणाऱ्या माणसासारखं आहे ते. त्याला सगळी पंगत दिसते, पण दिसतात ती डोकी आणि पत्रावळी. पंगतीत बसलेल्याला समोरचे चौघंच दिसतात, पण त्यांचे चेहरे दिसतात. तुला तर पुढे काय होणार हे माहीत होतं, तूच लिहिलेलं होतंस! तरी तू वाढप्यासारखा उभ्यानं फिरलास.

चुलीपुढचा प्रसंग घेऊ, कारण फिल्मचा जीव तिथे आहे. आजी भाकरी थापतायत, मुलगा दारात येतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मग सांगतो की उद्या व्यापारी येणार आहे. 1 मिनिट 40 सेकंदांचा प्रसंग, 7 शॉट.

पहिली गोष्ट उंचीची. एक जवळचा शॉट सोडला तर बाकी सगळे तू उभा राहून, फोन छातीशी धरून घेतलेस. जमिनीवर बसलेल्या आजी आम्हाला वरून दिसतात, म्हणजे पदर, भांग आणि परात. चेहरा दिसायला त्यांना मान वर करावी लागते आणि मग त्या कुणाकडे तरी याचना करतायत असं वाटतं. तुझ्या गोष्टीतली आजी याचना करणारी बाई नाही. फोन पाटावर ठेव, खाली एखादा डबा घाल, आणि त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत आण. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण अडीच फुटांवर असतात. जपानमध्ये यासुजिरो ओझू नावाचे दिग्दर्शक होऊन गेले. त्यांची माणसंही आपल्यासारखीच जमिनीवर बसणारी, आणि त्यांचा कॅमेरा जन्मभर चटईच्या जवळ, खालीच राहिला. दारातून आत येणारा माणूस तिथून उंच दिसतो, आणि घर हे बसलेल्या माणसाचं वाटतं.

आणि इथे तुला फुकटात एक नाट्य मिळतंय ते बघ. फोन खाली आला की दारातला मुलगा चौकटीत वरपर्यंत जातो, आजी तळाशी राहतात. निर्णय कुणाच्या हातात आहे हे एकही शब्द न बोलता कळलं. मग चुलत्यांना सांग, 'व्यापारी येणार' हे वाक्य उभ्यानं म्हणू नका. आधी दोन पावलं आत या, उकिडवे बसा, मग बोला. दोघांची डोकी एका रेषेत येतील. आईला वाईट बातमी उभ्यानं सांगता येत नाही, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नटांना कुठे उभं करायचं, कधी बसवायचं, हे कॅमेऱ्याच्या आधी ठरतं. पुष्कळदा एवढं बरोबर झालं की सातऐवजी दोन शॉट पुरतात.

दुसरी गोष्ट अंतराची. आजींच्या डोळ्यांतलं पाणी तू अठराव्या सेकंदालाच अगदी जवळून दाखवलंस. त्यांना बातमी अजून कळलेलीच नाही! मला कळतंय, टेक छान आला होता, मोह झाला. पण क्लोज एकदा खर्च केला की पुढे जायला जागा उरत नाही. आमच्याकडे साधी उतरंड असते. लाँगमध्ये माणूस आणि त्याची जागा, मिडमध्ये कमरेपासून वर म्हणजे हात आणि बोलणं, क्लोजमध्ये चेहरा, टाइट क्लोजमध्ये नुसते डोळे किंवा नुसता हात. समोरच्याच्या खांद्यावरून घेतात तो 'सजेशन'. कुठल्याही सेटवर हाच शब्द ऐकशील. कुठलाही शॉट घेताना माणसाला सांध्यावर कापू नये. गुडघ्यावर, घोट्यावर, मनगटावर चौकटीची कड आली की अवयव तोडल्यासारखा वाटतो. थोडं वर किंवा थोडं खाली घे.

तो अठराव्या सेकंदाचा क्लोज वाईट दिसतो त्याला आणखी एक कारण आहे. फोन तू त्यांच्या चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर नेलास. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत चार-पाच इंच असतात. फूटभरावरून बघताना हे चार-पाच इंच फार मोठे ठरतात; नाक फुगतं, कान मागे पळतात. सहा फुटांवरून तेच अंतर किरकोळ होतं आणि चेहरा आपण रोज बघतो तसा दिसतो. म्हणजे चेहरा बिघडवते ती जवळीक, लेन्सला उगाच दोष जातो. तुझ्या फोनमध्ये लांबची वेगळी लेन्स असेल तर ती लाव आणि मागे सरक. नसेल तर मिडवरच थांब, ते बरं. दोन बोटं फाकवून केलेला झूम मात्र टाळ. त्यात नुसतं चित्र कापून मोठं केलेलं असतं.

तिसरी गोष्ट, जिच्यामुळे परीक्षकांना नेमकं काय खुपतंय ते सांगता आलं नसावं. चौथ्या शॉटमध्ये आजी उजवीकडे बघून बोलतात. पाचव्या शॉटमध्ये मुलगाही उजवीकडेच बघून उत्तर देतो. दोघं एकमेकांशी न बोलता बाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याशीच बोलतायत असं वाटतं. कसं झालं तेही कळतंय. चौथ्या शॉटला चुलीचा धूर तुझ्यावर येत होता, म्हणून पाचव्याला तू पलीकडे गेलास. धूर चौकटीत डावीकडचा उजवीकडे झालाय! याला लाइन क्रॉस करणं म्हणतात. आजी आणि मुलगा यांना जोडणारी एक रेघ जमिनीवर आहे असं समज. सरळ रांगोळीनं ओढच, टेकच्या आधी पुसून टाक. त्या रेघेच्या एका बाजूला राहिलास की आजी कायम उजवीकडे बघतील, मुलगा कायम डावीकडे, आणि प्रेक्षकाच्या डोक्यात स्वयंपाकघराचा नकाशा पक्का राहील.

ही चूक मीही करून बसले आहे, आणि पैसे घेऊन. एका मालिकेत दोन जावांचं भांडण होतं. पलीकडच्या बाजूची खिडकी फार सुंदर होती, म्हणून एका जावेचे शॉट मी तिकडून लावले. एडिटला बसलो तर दोघी एकाच भिंतीशी भांडतायत. वाडा सोडलेला, परत जायला पैसे नाहीत. शेवटी एडिटरनं मध्ये मध्ये भिंतीवरच्या घड्याळाचा शॉट घातला. त्या भागात घड्याळ चार वेळा दिसतं, आणि त्यात वाजलेले असतात कायम पावणेपाच. तेव्हापासून कुठल्याही प्रसंगात मी एखादी मुकी वस्तू वेगळी शूट करून ठेवते. तू तव्याचा घे, परातीतल्या हाताचा घे. अडलं की उपयोगी पडतात. हां, ओझू मात्र ही लाइन सर्रास ओलांडायचे आणि त्यांचं काही अडलं नाही. पण ते जाणूनबुजून, शिस्तीनं. धूर लागला म्हणून नव्हे.

आता उजेड, आणि इथे मला थोडं रेंगाळू दे, कारण तुझं स्वयंपाकघर बघून माझे हात शिवशिवले. एका बाजूला दार, दारातून सकाळचा उजेड. दुसऱ्या बाजूला चूल. असा सेट बांधायचा म्हटलं तर लोक लाखभर रुपये मोजतील. आणि तू काय केलंस? ट्यूबलाइट लावलीस. वरून सपाट पांढरा उजेड पडला, सगळ्या भिंती सारख्या, चुलीचा जाळ फिका, आणि आजींच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, ज्यात सगळी गोष्ट लिहिलेली आहे, त्या पुसल्या गेल्या. सुरकुती दिसायला उजेड बाजूनं यावा लागतो. ट्यूब बंद कर, पहिलं काम ते.

मग दार. बाहेर ऊन, आत काळोख. फोन बिचारा दोन्ही सांभाळू शकत नाही, म्हणून दार नुसतं पांढरं फटफटीत झालंय. बाहेरून दारावर जुनं पांढरं धोतर ताणून बांध, वरच्या अर्ध्यापर्यंत, चौकटीत दिसणार नाही असं. ऊन त्यातून गाळून येईल आणि मऊ होईल. कापड ताणून उजेड मऊ करणं हा कमी पैशातला उपाय म्हणून सांगत नाहीये. छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी सत्यजित रायांच्या 'अपराजितो'साठी (1956) बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभं केलेलं असताना वर पांढरं कापड ताणलं, खालून त्यावर दिवे मारले आणि परतून आलेल्या उजेडात शूट केलं. उघड्या आकाशाचा, सावली न पाडणारा उजेड त्यांना हवा होता. आणि छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी गुरुदत्तच्या 'कागज के फूल'मधला (1959) तो उजेडाचा प्रसिद्ध झोत स्टुडिओत आणला तो आरशांनी, बाहेरचं ऊन परतवून. तुझ्या घरात कपाटाला आरसा असेलच. अंगणात मित्राला आरसा घेऊन उभा कर, झोत आजींवर नको, त्यांच्या मागच्या भिंतीवर मार. भिंत उजळेल, डोक्याची कड वेगळी होईल आणि काळोखाला खोली येईल.

चूल दिवसा फोनला फारशी दिसत नाही. जाळाच्या मागे, वैलाच्या आडोशाला जुना पिवळा बल्ब लपव, आणि त्याच्यापुढे कुणीतरी बोटं हलवत बसू दे, म्हणजे जाळ हलल्यासारखा वाटेल. वायर पाण्यापासून आणि आजींपासून लांब ठेव. उजेड वाढवायचा असेल तर थर्माकोलचा पांढरा तुकडा पुरे, मोठमोठ्या सेटवरही तोच असतो. पण मला वाटतं तुला उजेड कमीच करावा लागेल. समोरची चुना दिलेली भिंत आजींच्या चेहऱ्याच्या काळोख्या बाजूवर उजेड फेकतेय. तिच्यावर घोंगडं टांग. तुमच्या भागात घोंगड्याला काय तोटा! काळी लोकर उजेड गिळते, चेहऱ्याची एक बाजू सावलीत जाते आणि जाळाची बाजू जिवंत होते.

फोनमध्ये चार गोष्टी बांधून टाक, म्हणजे तो मध्येच स्वतःची अक्कल चालवणार नाही. बऱ्याच फोनमध्ये प्रो व्हिडिओ मोड असतो, नसेल तर मोफत अ‍ॅप मिळतात. सेकंदाला 25 फ्रेम आणि शटर 1/50, म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड मिळतो. कारण आपल्याकडची वीज 50 सायकलची, दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/50 ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये बरोबर दोन ठोके बसतात आणि ते सरकणारे पट्टे जातात. तुझ्या देवघराच्या प्रसंगात पट्टे आहेत, कारण फोन 30 वर होता. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते, ऑटोवर नको. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: उन्हाचा उजेड साधारण 5600 केल्विन, पिवळ्या बल्बचा 3200 च्या आत. मध्ये कुठेतरी, 4500 च्या आसपास पक्का कर, म्हणजे दार किंचित निळसर आणि चूल तांबूस दिसेल. फोकस आणि एक्सपोजर (चित्र किती उजळ ते) आजींच्या चेहऱ्यावर ठेवून लॉक. भर उन्हात 1/50 ला चित्र जळेल, कारण बहुतेक फोनच्या लेन्सचं छिद्र लहान करता येत नाही. तिथे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळपट काच, लावावा लागतो, किंवा सरळ सावलीत शूट कर.

आता चौकटीच्या आतली मांडणी. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणारी जाळी तू लावलेली दिसते, आजींचे डोळे सगळीकडे बरोबर वरच्या रेघेवर आहेत, चेहऱ्यापुढे बघायला जागाही सोडलीस. पाठांतर चांगलं आहे. पण कडा तू बघितल्याच नाहीस. आजी रडतायत आणि त्यांच्या कानामागून प्लॅस्टिकचा निळा कॅन डोकावतोय. सगळ्या तांबूस चौकटीत तो एकटा निळा, डोळा तिथेच जातो. टेक म्हणण्याआधी चेहरा सोडून चारी कोपऱ्यांतून नजर फिरवायची सवय लाव. काय आत घ्यायचं याइतकंच काय बाहेर ठेवायचं याला महत्त्व. आणि चौकटीला थर दे. पुढे, जवळजवळ लेन्सला लागून, तव्याची कड आणि वाफ, मध्ये आजी, मागे दाराच्या चौकटीत काळा आकार होऊन उभा असलेला मुलगा. तिन्ही एका शॉटमध्ये. प्रेक्षक स्वतः ठरवेल कुणाकडे बघायचं, आणि भाकरी करपायला लागली की सगळे एकदम तव्याकडे बघतील. ती करपू दे. त्या वेळी आजींनी मुलाकडे बघायचं नाही, भाकरीही उलटायची नाही. डोळ्यांतलं पाणी मग दाखवलं नाहीस तरी चालेल.

कॅमेरा हलवण्याबद्दल थोडक्यात. म्हैस स्लो मोशनमध्ये चालते ते काढून टाक, म्हैस मुळातच सावकाश चालते. ड्रोनमधून गाव दिसतं, घर दिसत नाही. तुझी गोष्ट घराची आहे, मित्राला धन्यवाद दे आणि तेही काढ. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014) हा सिनेमा कधी बघितला नसशील तर बघ. तिथला कॅमेरा दूर, शांत, बहुतेक वेळ जागचा हलत नाही आणि माणसं चौकटीत येतात-जातात. न्यायालयाच्या बाकावर आपणच ताटकळत बसल्यासारखं वाटतं. कॅमेरा हलला पाहिजे तो कुणीतरी हललं म्हणून, किंवा कुणाच्या तरी मनात काही हललं म्हणून. तुझ्या प्रसंगात एकच जागा मला अशी दिसते, मुलगा उकिडवा बसतो ती. तो खाली येताना फोन किंचित खाली झुकव. तेवढंच.

आम्ही शिकलो तेव्हा 400 फुटांचा फिल्मचा डबा साडेचार मिनिटांत संपायचा आणि प्रत्येक फुटाचा हिशेब द्यावा लागायचा. त्या दिवसांचं मला काही कौतुक नाही, छाती धडधडायची. पण डबा लावण्याआधी रिकाम्या जागेत बसून बघायची सवय त्यानं लागली. तू एक कर. आजी घरात नसताना त्या स्वयंपाकघरात जा, फोन खिशात ठेव. आधी त्यांच्या जागी बसून दाराकडे बघ. मग दारात उभा राहून चुलीकडे. मग चुलीच्या बाजूला, जिथे घरातलं लहान मूल बसेल तिथे. या तिसऱ्या जागेवरून मला वाटतं तुझी फिल्म आहे, कारण गोष्ट मोठ्यांच्या बोलण्यातून ऐकणाऱ्या नातवाची आहे, आणि तो नातू तू आहेस. पण तुला पहिली जागा बरोबर वाटली तर माझं ऐकू नकोस.

पैसे खर्च करायचेच असतील तर एक बरा ट्रायपॉड आणि एक कॉलरमाइक घे. चुलत्यांचं निम्मं बोलणं भांड्यांच्या आवाजात गेलंय. रात्रीच्या गोठ्यासाठी एका दिवसाला कॅमेरा भाड्यानं आण, सांगली-कोल्हापुरात लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्यांकडे मिळतो. तो ड्रोनवाला मित्रच देईल.

प्रसंग पुन्हा शूट करताना तारीख नाही तरी वेळ एकच ठेव. तिसऱ्या शॉटमध्ये उन्हाची तिरीप आजींच्या पायाशी आहे आणि सहाव्यात ती गायब आहे, म्हणजे मध्ये निदान तासभर गेला. तिरीप आली की आधी लाँग उरकून घे, त्यात ती दिसते. क्लोज नंतर घेतलेस तरी आरशानं भागेल. आणि आजींना आदल्या रात्रीच सांगून ठेव की पीठ जास्त लागेल. दर टेकला भाकरी नव्यानं तव्यावर पडली पाहिजे, नाहीतर एका शॉटमध्ये कच्ची आणि पुढच्यात करपलेली दिसेल. सहा टेक धरले तर सहा भाकरी, त्यातल्या किमान चार करपलेल्या. त्या कोण खाणार हे चौघा मित्रांनी आधीच ठरवून घ्या.